घुम्याचा तळहात

बोलणं जर आईच्या पोटातच वाटून मिळत असेल, तर आमच्या घरात ती वाटणी धडधडीत अन्यायाची झाली. दोघांचा वाटा माझ्याकडे आला आणि माझ्या धाकट्या भावाला काहीच उरलं नाही. लहानपणी त्याला कोणी नाव विचारलं तरी उत्तर मी द्यायचे. शाळेतल्या बाईंनी त्याला "का रे उशीर झाला?" म्हटलं की दोन वर्ग सोडून बसलेली मी जागेवरून ओरडायचे. सगळे त्याला घुम्या म्हणायचे. तो त्या हाकेलाही ओ द्यायचा नाही, नुसता वळून बघायचा. आमच्या वडिलांचा नियम होता की विचारल्याशिवाय मुलांनी तोंड उघडू नये. मी तो रोज मोडला. घुम्याने आयुष्यात एकदाच मोडला, आणि त्या एका वेळेने त्याला तुरुंगात नेलं.

मी केस कापते. चौकाच्या कोपऱ्यावर माझं छोटं दुकान आहे, एक आरसा, एक बेसिन आणि एक खुर्ची. ती खुर्ची घुम्याने केलेली. तो खुर्च्या करणाऱ्या कारखान्यातला जुना कारागीर. खिळा न मारता, लाकडात लाकूड बसवून, गरम सरसाने सांधे जोडून तो खुर्ची उभी करायचा. त्याच्या खुर्चीवर बसलं की माणूस आपोआप ताठ बसतो, असं माझी गिऱ्हाइकं म्हणायची. त्याला पकडून नेल्यावर काही महिन्यांनी त्या खुर्चीचा मागचा एक पाय डुगडुगायला लागला. गिऱ्हाइकं कुरकुरायची. शेजारचा सुतार दोनदा विचारून गेला. मी त्याला म्हटलं, "हात लावशील तर याच कात्रीने तुझ्या मिशा उतरवीन. ज्याने केली तोच येऊन दुरुस्त करील."

आता झालं काय ते सांगते. कारखान्याच्या मालकांनी एका दुपारी सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं की यापुढे सरस नाही, सांधे नाहीत, मशीनने पिना ठोकायच्या आणि माल बाहेर काढायचा. सगळे मूग गिळून उभे राहिले. आणि आमचा घुम्या, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, तो म्हणाला, "सरसाचं काम येरागबाळ्याचं नाही. ते बंद करण्यापेक्षा कारखान्याला आग लावा." वर्षभराचं बोलणं साठवून साठवून माणसाने हे बोलावं! त्याच संध्याकाळी कारखाना पेटला. दाराजवळच्या स्पंजच्या कोठीत आग लागली आणि वाऱ्यासारखी पसरली. कोणी दगावलं नाही, पण सकाळपर्यंत तिथे काळ्या भिंती तेवढ्या उरल्या. त्या दिवशी सगळ्यांत शेवटी बाहेर पडलेला माणूस घुम्या होता. दुसऱ्या दिवशी पोलीस घरी आले तेव्हा त्याच्या उजव्या हातात हातमोजा घातलेला होता. मोजा काढला तर तळहात भाजलेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. आमच्या घुम्याने हात लपवून ते करून घेतलं.

खटला चालला. वकील होते, पण त्यांना कायम पुढच्या खटल्याची घाई. घुम्याला काही विचारण्यापेक्षा ते मला विचारायचे, कारण माझ्याकडून लवकर उत्तर मिळायचं. तो दोषी ठरला. निकालातलं एक वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं रुतून बसलं होतं: आरोपीने उजव्या तळहातावरील भाजल्याच्या जखमेबाबत कोणताही खुलासा केलेला नाही आणि ती जखम लपवण्याचा प्रयत्न केला, यावरून त्याचा अपराध स्पष्ट होतो.

निकालानंतर पहिल्यांदा त्याला भेटायला गेले तेव्हा आमच्या मध्ये जाळी होती. त्याने दाढी केलेली नव्हती आणि कोणीतरी त्याचे केस इतके वाईट कापले होते की मला आधी त्याचंच रडू आलं. मग मी बरसले.

"अरे, खुलासा का नाही केलास? तोंडात काय बोळा कोंबला होता का?"

"विचारलंच नाही," तो म्हणाला.

"कोणी?"

"कोणीच."

"मग आता मी विचारतेय. कसं भाजलं?"

त्याने उजवी मूठ मिटून मांडीखाली घेतली, लहानपणी पेन्सिल हरवली की घ्यायचा तशी. "काही नाही गं ताई."

काही नाही! माणूस वर्षानुवर्षं आत राहणार आणि म्हणे काही नाही. मी जाळीवर हात आपटला, पहारेकऱ्याने डोळे वटारले, मी त्यालाही चार शब्द सुनावले. भेटीची वेळ तिथेच संपली. घरी येईपर्यंत मी रस्ताभर रडत होते आणि स्वतःशी भांडत होते.

मला वाटलं होतं आता संपलं. आमच्या आधीच्या वकिलांनीही हात झटकले होते. पण तुरुंगातल्या अधिकाऱ्यांनी घुम्याला सांगितलं की वरच्या कोर्टात अपील करता येतं आणि वकील नसेल तर कोर्टच देतं. त्याने मान डोलावली असणार. त्या एका मान डोलावण्यातून आम्हाला वकीलबाई मिळाल्या.

त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मला वाटलं गिऱ्हाईक आहे, आणि फार गरजू गिऱ्हाईक आहे. केसांचा कसातरी गुंडाळलेला अंबाडा, त्यात खोचलेलं पेन, टोकं सगळी फाटलेली. बगलेत कागदांचं जाडजूड बाड. त्यांनी कोण ते सांगितल्यावर मी हात जोडले आणि म्हणाले, "तुमचे फार उपकार झाले, मॅडम."

"उपकार कसले?" त्या म्हणाल्या आणि डुगडुगत्या खुर्चीत बसल्या. खुर्ची मागे कलली तशा दचकल्या. "अपील हा त्यांचा हक्क आहे. वकील मिळणं हाही हक्क आहे. अपील म्हणजे वरच्या कोर्टाच्या पाया पडणं नव्हे. खालच्या कोर्टाने काम नीट केलं का, ते तपासून घेणं."

माणूस बरा वाटला. मी म्हटलं, "बसलाच आहात तर टोकं कापून देते. तुम्ही वाचा, मी कापते."

त्यांनी खटल्याचे कागद मांडीवर उघडले. मी केस ओले करून विंचरायला घेतले. मधूनमधून त्या एखादी गोष्ट विचारायच्या आणि मी तिच्या चौपट उत्तर द्यायचे. मग त्या एका जागी थांबल्या, पान मागे उलटलं, पुन्हा पुढे उलटलं.

"साक्षीपुरावा संपला," त्या आरशातल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "की न्यायाधीशांनी आरोपीला समोर उभं करून विचारायचं असतं. तुमच्याविरुद्ध हे आलंय, तुमचं काय म्हणणं आहे? मग पुढची गोष्ट, मग त्यापुढची. एकेक करून. न विचारलेली गोष्ट त्याच्याविरुद्ध धरता येत नाही. ज्याला विचारलंच नाही त्याने खुलासा करायचा कधी?"

"बरं मग?"

"इथे सगळं विचारलंय. आग लावा असं म्हणालात का? हो म्हणाले ते. शेवटी तुम्ही बाहेर पडलात का? हो. मालकांवर राग होता का? हो." त्यांनी बोट पानावरून खाली नेलं. "हाताचं विचारलेलं नाही."

"म्हणजे?"

"हाताबद्दल एकही प्रश्न नाही. राहून गेलाय. आणि निकाल उभा आहे तो त्या हातावरच."

माझ्या हातून कात्री चालली आणि नको तेवढे केस खाली आले. "तो तेच म्हणाला होता!" मी ओरडले. "विचारलंच नाही, विचारलंच नाही म्हणत होता, आणि मी त्यालाच झापलं!"

वकीलबाई खुर्चीत गर्रकन वळल्या. "मग हे तुम्ही मला आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"मला कुठे कोणी विचारलं?"

त्या आधी गंभीरपणे माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग एवढ्या हसल्या की खुर्चीचा पाय कुरकुरला. मी एका बाजूला जास्त कापले होते, म्हणून दुसऱ्या बाजूचेही तेवढे काढावे लागले. त्यांना ते शोभलं, हे मी खोटं सांगत नाही.

पुढच्याच आठवड्यात त्या घुम्याला भेटून आल्या. मी दुकानाचं दार बंद करून, त्यांच्यासमोर चहा ठेवून बसले. "काय म्हणाला? हात कसा भाजला?"

"सांगितलं त्यांनी."

"सांगितलं? तुम्हाला?" मला आनंद झाला आणि त्याच वेळी आग मस्तकात गेली. "मग सांगा ना."

"ते मला तुम्हाला सांगता येणार नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मी त्याची सख्खी बहीण आहे. त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय मी."

"माहिती आहे. पण माझे अशील ते आहेत, तुम्ही नाही. त्यांनी मला सांगितलेलं त्यांच्या परवानगीशिवाय मी कोणालाच सांगू शकत नाही. आणि परवानगी त्यांनी दिलेली नाही. कोर्टाने विचारलं तर ते कोर्टात सांगतील. तेही त्यांनीच ठरवायचं."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि गेल्या. इतके दिवस मी अख्ख्या गल्लीला छातीठोकपणे सांगत होते की माझ्या भावाने केलेलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे माझं रोजचं वाक्य. पण काही केलेलंच नसेल तर मला सांगायला काय हरकत होती? वकिलाला सांगावं आणि बहिणीला सांगू नये, असं काय असतं? गिऱ्हाइकाच्या डोक्याला शाम्पू लावताना मला अचानक वाटायचं, लावली असेल तर? रागाच्या भरात, एका क्षणात? आणि मग मी त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाचं डोकं इतकं खसाखसा चोळायचे की ते "अहो, अहो" म्हणायचं. सगळ्यात वाईट दिवस ते होते, निकालाच्या दिवसापेक्षाही.

सुनावणी पुढे ढकलली गेली, परत ढकलली गेली. वकीलबाईंनी मधल्या काळात एका गोष्टीचा हट्ट धरला. वरच्या कोर्टात बरंचसं काम कागदांवर चालतं, आरोपीला आणतीलच असं नाही. यांनी अर्ज केला की माझ्या अशिलाला हजर ठेवा. मी विचारलं, कशाला? तो तिथे येऊन तरी काय बोलणार आहे? त्या म्हणाल्या, "त्यांच्या आयुष्याबद्दल बोलणं चाललंय. त्यांना ऐकू तर द्या."

सुनावणीच्या दिवशी मी सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते. मोठं दालन, उंच खिडक्या, लाकडी कठडा. घुम्याला दोन पोलिसांनी आणून कडेच्या बाकावर बसवलं. त्याने आधी कठड्याकडे बघितलं, मग त्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं. तो माझ्याकडे वळेपर्यंत मला वाटलं होतं मी रडणार नाही.

वर दोन न्यायमूर्ती बसले होते. त्यातले मोठे होते तेच बोलत होते. त्यांनी डोक्याच्या एका बाजूचे केस लांब वाढवून टकलावरून दुसऱ्या बाजूला नेले होते आणि दर थोड्या वेळाने त्यांचा हात तिथे जाऊन सगळं जागेवर आहे ना ते तपासत होता. एरवी मी हसले असते.

वकीलबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला सांगितलं होतं तेच, पण फार शांतपणे सांगितलं. सरकारी वकील उंच आणि घाईतले होते. ते म्हणाले, "आरोपीला तोंड होतं. वकील होता. निर्दोष माणूस ओरडून सांगतो. हा गप्प राहिला, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं."

गेले कित्येक दिवस मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते.

"ओरडून सांगणं हे आरोपीचं काम नाही," वकीलबाई म्हणाल्या. "विचारणं हे कोर्टाचं काम आहे. ते राहून गेलं, आणि राहून गेलेल्या कामाची शिक्षा माझे अशील भोगतायत."

दोन्ही न्यायमूर्तींनी डोकी जवळ आणून काहीतरी बोलून घेतलं. मग मोठे म्हणाले की प्रश्न राहून गेलाय हे तर उघड आहे. आता तो खटला परत खाली पाठवता येईल, पण त्यात आणखी काळ जाईल आणि हा माणूस आतच राहील. दुसरा मार्ग म्हणजे तो प्रश्न इथेच विचारणं. दोन्ही बाजूंना काही हरकत? वकीलबाईंनी वळून घुम्याकडे बघितलं. घुम्याने मान डोलावली. सरकारी वकिलांनी खांदे उडवले.

"उभे राहा," न्यायमूर्ती घुम्याला म्हणाले. आवाज चढा नव्हता. "उत्तर देण्याची तुमच्यावर सक्ती नाही. गप्प राहायचं असेल तरी चालेल, तो तुमचा हक्क आहे. पण तुम्हाला विचारलं पाहिजे. तुमच्या उजव्या तळहाताला भाजल्याची जखम होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती कशी झाली? आणि तुम्ही तो हात का झाकला? याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?"

घुम्या उभा होता. खाली बघत होता. मला त्याची मान दिसत होती, ती लाल होत चालली होती, शाळेत व्हायची तशी. आणि माझी जीभ, जन्माची सवय तिला, वळवळलीच.

"साहेब," मी उभी राहून म्हणाले, "तो लहानपणापासूनच असा—"

"आपण कोण?"

"मी त्याची थोरली बहीण."

"प्रश्न तुम्हाला विचारलाय?"

"नाही, पण त्याला बोलता—"

"मग बसा," मोठे न्यायमूर्ती म्हणाले. "त्यांच्या वतीने पुष्कळ लोक बोलून झालेत. आता त्यांना बोलू द्या. आम्हाला घाई नाही."

मी बसले. दोन्ही हात तोंडावर धरले, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. घुम्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग तो बोलायला लागला, आणि त्याच्या तोंडून सलग इतकी वाक्यं मी आधी कधीच ऐकलेली नव्हती.

"सरसाने भाजलं," तो म्हणाला. "मालक बोलले त्यानंतर. सगळे चहाला गेले. मी सरसाच्या टेबलापाशी गेलो. सरसाचं भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवतात, साहेब. पाणी आटू द्यायचं नसतं. माझं लक्ष नव्हतं, डोकं तापलेलं होतं. पाणी आटलं. सरस उकळायला लागला. मी घाईत फडकं न घेता भांडं उचललं. कलंडलं. सगळा सरस तळहातावर."

तो थांबला. मग पुढे सांगू लागला.

"शेगडी बंद केली. दोनदा बघितली. टेबल मागच्या टोकाला आहे, आग पुढे लागली, दाराजवळ. मी शेवटी गेलो कारण सगळे जाईपर्यंत थांबलो होतो. हात दिसू नये म्हणून."

"का दिसू नये?" न्यायमूर्तींनी विचारलं.

घुम्याची मान आता कानापर्यंत लाल झाली होती. "लाज वाटली," तो म्हणाला. "पाणी आटवून सरसाने हात भाजून घेणं, हे पहिल्या महिन्यातलं पोर करतं. नव्या पोरांना मीच शिकवतो. पाणी बघा, फडकं घ्या, रोज सांगतो. त्याच दुपारी मी मालकांना सगळ्यांसमोर म्हणालो होतो, सरसाचं काम येरागबाळ्याचं नाही. आणि लगेच माझंच असं झालं. पोरं वर्षभर हसली असती."

मागच्या बाकांवर खरोखरच कोणीतरी हसलं. मोठे न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांचा हात हळूच डोक्याकडे गेला, केस जागेवर आहेत ना ते बघितलं आणि खाली आला. माझ्या खुर्चीत जो बसतो तो काहीतरी झाकायलाच आलेला असतो. पांढरे केस, टक्कल, कपाळावरचा व्रण. त्यातल्या एकानेही कुठे आग लावलेली नसते. हे मला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की मी हातांच्या आत ढसाढसा रडायला लागले. माझ्या भावाने वकिलाला सांगितलं आणि मला सांगितलं नाही, ते एवढ्यासाठी!

दुसऱ्या न्यायमूर्तींनी कागद चाळायला घेतले होते. "डॉक्टरांची साक्ष," ते म्हणाले आणि वाचून दाखवलं. जखमेच्या कडांना पिवळसर, चिकट, वाळलेला पदार्थ होता, असं डॉक्टरांनी खालच्या कोर्टात सांगितलं होतं. पदार्थ कसला, हे ना सरकारी वकिलांनी विचारलं होतं, ना आमच्या घाईतल्या वकिलांनी, ना न्यायाधीशांनी. "आगीने भाजलेल्या हाताला हे का असेल?" त्यांनी सरकारी वकिलांकडे बघितलं. सरकारी वकील आपले कागद चाळू लागले.

निकाल त्या दिवशी लागला नाही. पण तोपर्यंत घुम्याला जामिनावर सोडायचं, एवढं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. पुढे निकाल आला तेव्हा वकीलबाईंनी तो माझ्या दुकानात बसून वाचून दाखवला. शिक्षा रद्द. घुम्या निर्दोष. न विचारलेली गोष्ट आरोपीविरुद्ध धरता येत नाही, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. विचारल्यावर त्याने दिलेलं उत्तर डॉक्टरांच्या साक्षीशी जुळतं, असं पुढे होतं. मग उरलं काय? रागात बोललेलं एक वाक्य, आणि सगळ्यांत शेवटी दार ओढून घेणं. राग सगळ्यांनाच येतो, आणि शेवटी कोणीतरी बाहेर पडतंच, असं त्यांनी आपल्या कोर्टाच्या भाषेत लिहिलं होतं.

"पण मग आग लावली कोणी?" मी विचारलं.

"हा प्रश्न या अपिलात नव्हता," वकीलबाई म्हणाल्या.

हे उत्तर मला अजूनही पटलेलं नाही, आणि मी त्यांना ते दर वेळी केस कापताना ऐकवते. त्या डोळे मिटून घेतात.

त्या निकालाच्या आधीच, घुम्या जामिनावर सुटून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तो दुकानात हजर झाला होता. मी आधी त्याला बसवून त्याचे केस सारखे केले. तुरुंगात केस कापणाऱ्याला मी मनातल्या मनात बरंच काही बोलले. त्याच्या बुडाखाली खुर्ची डुगडुगत होती. तो उठला, खुर्ची उलटी केली, पाय हलवून बघितला, बाहेर गेला आणि थोड्या वेळाने शेगडी, दोन भांडी आणि सरसाचे खडे घेऊन आला. माझ्या बेसिनशेजारी त्याने सरस तापवायला ठेवला. सगळ्या दुकानात तो जुना, उग्र वास भरला. एरवी मी नाक मुरडलं असतं.

मी बघत होते. त्याने बाहेरच्या भांड्यात पाणी घातलं. थोड्या वेळाने वाकून बघितलं, पुन्हा घातलं. उचलायच्या आधी फडक्याची घडी केली, तीन पदरी. त्याचा उजवा तळहात गुळगुळीत आणि गुलाबी झालाय, मध्ये रेषाच नाहीत. त्याने पायाच्या खाचेत सरस भरला, पाय दाबून बसवला, दोरीने आवळला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. सरस धरेपर्यंत असंच धरून बसायचं असतं. त्याला हलता येणार नव्हतं. मीही तोच मोका साधला.

"मला एक विचारायचंय," मी म्हणाले.

त्याने मान वर केली.

"जाळीपाशी मी विचारलं होतं तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

आणि मग मी गप्प बसले. खरंच बसले. जिभेवर दहा उत्तरं तयार होती, त्याच्या वतीने दिलेली, नेहमीसारखी. मी कंगवा दातांत धरला. बाहेर एक गिऱ्हाईक दार ढकलून आत डोकावलं, मी हातानेच थांब म्हटलं. घुम्या पाय धरून बसला होता आणि विचार करत होता. त्याला वेळ लागतो. मला एवढ्या वर्षांत माहीतच नव्हतं की त्याला नुसता वेळ लागतो.

"तू हसली असतीस," तो म्हणाला.

"मी? तू तुरुंगात, आणि मी हसेन?" कंगवा खाली पडला. "पाणी आटवून हात भाजलास म्हणून? तू? रोज पोरांना फडकं घ्या फडकं घ्या म्हणणारा तू—" आणि मला हसू फुटलं. आवरेना. मी बेसिनला धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, दारातलं गिऱ्हाईक चक्रावून बघत होतं.

घुम्याने ते सगळं शांतपणे बघून घेतलं. खुर्चीचा पाय त्याने सोडला नाही, पण त्याचे खांदे हलायला लागले होते.

"बघ," तो म्हणाला.